अनोळखी गुहा-कपार कशी शोधावी? अजिंठा–सातमाळा आणि मराठवाड्यातल्या डोंगरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळं तर केव्हाच सापडलंय. अजून काही उरलंय का?

अजिंठ्याचंच बघा. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात वाघूरच्या दरीत पोचला आणि लेणी जगासमोर आली. त्यानंतर मोजणी झाली, लेण्यांना क्रमांक पडले, देशोदेशीचे अभ्यासक येऊन गेले. तरीही १४ आणि १५ क्रमांकांच्या मधलं एक छोटं लेणं दरडीखाली गाडलेलंच होतं. ते १९५६ साली उघडं पडलं, म्हणून त्याला १५ अ म्हणावं लागलं. इतक्या वर्दळीच्या जागी १३७ वर्षं कुणाला पत्ता नव्हता.

पण अपेक्षा बेताची ठेवा. तुम्हाला बहुधा मिळेल ती शेळ्या बसवायची कपार, एखाद्या बैराग्याने ओटा घालून राहण्याजोगी केलेली घळ, अर्धवट कोरून सोडलेली खोली, नाहीतर गाळाने भरलेलं पाण्याचं टाकं. आणि ती गावातल्या चार जणांना आधीपासून ठाऊक असेल. त्यामुळे ‘आम्ही शोधली’ हे वाक्य जपून वापरावं.

मराठवाड्यात नेमकं कुठे शोधायचं?

जंगल आणि कडे दोन्ही एकत्र हवे असतील तर कन्नड, सोयगाव आणि सिल्लोड तालुक्यांतली अजिंठा–सातमाळा रांग. गौताळा औट्रमघाट अभयारण्य (१९८६ पासून, सुमारे २६० चौरस किलोमीटर) यातच येतं. दुसरा टापू नांदेड जिल्ह्यातल्या किनवट–माहूरच्या सागवानी डोंगरांचा. बालाघाटात, म्हणजे अंबाजोगाई–धाराशिवकडे, झाडी विरळ आणि डोंगर बुटके, पण लेणी आहेतच.

जुन्या वाटा डोक्यात ठेवल्या तर शोध सोपा होतो. पैठण, तेर आणि भोकरदन ही जुनी व्यापारी गावं. पैठण–भोकरदनहून खानदेशात उतरणारे तांडे याच रांगेतल्या घाटांनी जात. भिक्षूंना भिक्षेसाठी वाट जवळ लागे आणि ध्यानासाठी गलका लांब. त्यामुळे वाटेपासून तासा-दोन तासांच्या चालीवरची, पण वाटेवरून न दिसणारी आडवी दरी सगळ्यात आधी बघावी.

थेट जंगलात जायचं की आधी काही बघून यायचं?

आधी डोळा तयार करा. पितळखोऱ्याला जाऊन या. वर पठारावर उभं राहिलात तर पायाखाली लेणी आहेत याची शंकाही येत नाही. ती ओढ्याच्या दोन्ही काठांना खाली कोरलेली आहेत. तिथला दगड ठिसूळ असल्यामुळे दर्शनी भाग कोसळलेले आहेत. पडलेलं लेणं कसं दिसतं ते तिथे कळतं. जंजाळ्याजवळच्या घटोत्कच लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. अक्षरं बाजूने उजेड टाकल्याशिवाय नजरेत भरत नाहीत, हा धडा तिथे मिळतो. अजिंठ्यातलं २४ क्रमांकाचं अर्धवट लेणंही बघा, त्यात कोरणारे छताकडून खाली कसे येत गेले ते उघड दिसतं.

लातूर जिल्ह्यातलं खरोसा वेगळ्या कारणासाठी बघायचं. तिथे काळा पाषाण नसून जांभा आहे. जांभ्यात छिन्नीचे घाव टिकत नाहीत, पृष्ठभाग पोखरल्यासारखा होतो, आणि माणसाने केलेली खोली निसर्गाने केल्यासारखी वाटते.

एवढ्या डोंगरात गुहा कुठल्या उंचीवर असेल हे कसं ओळखायचं?

या पानावरचं हे एक उत्तर लक्षात ठेवलंत तरी काम होईल. गुहा शोधू नका, पट्टा शोधा.

आपले डोंगर लाव्ह्याच्या थरांनी बनलेले आहेत. थर जवळजवळ आडवे, चपात्यांच्या चळतीसारखे. प्रत्येक थराचा मधला भाग टणक काळा पाषाण. वरचा भाग हवेच्या पोकळ्यांनी जाळीदार, त्यात गारगोटीसारखे पांढरे स्फटिक. आणि दोन थरांच्या सांध्यात पुष्कळदा विटेसारख्या तांबड्या मातीची पट्टी, कुठे वीतभर, कुठे पुरुषभर जाड. वरून झिरपणारं पाणी या पट्टीवर अडतं आणि आडवं वाहून कड्यातून बाहेर पाझरतं. पट्टी भिजते, सुकते, झडते. खालचा आधार गेला की वरच्या टणक दगडाचं छत तयार होतं. झाली कपार.

थर आडवे असल्यामुळे ही कपार एकटी नसते. ओढ्याच्या अलीकडे ६४० मीटर उंचीवर एक सापडली, तर पलीकडच्या काठाला आणि पुढच्या सोंडेलाही साधारण त्याच उंचीवर दुसरी असण्याची शक्यता चांगली. म्हणून पहिली कपार सापडली की तिची उंची लिहून घ्यायची आणि वर-खाली न भटकता त्याच उंचीने आडवं चालायचं. मोबाइलवरच्या उंचीत १०–२० मीटरची चूक सहज येते. नकाशाच्या उंचीरेषेशी ताडून घ्या.

कोरीव लेणी मात्र टणक, कमी भेगांच्या जाड थरात असतात, कारण कोरणाऱ्याला धड दगड हवा. तिथे तांबडी पट्टी खालच्या अंगाला पाण्याची सोय म्हणून कामाला येते.

नकाशा कुठला घ्यावा?

सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतात. २० अंश अक्षांशाच्या उत्तरेचे भाग (कन्नड, सोयगाव, सिल्लोड) एफ ४३ मालिकेत, दक्षिणेचे (छत्रपती संभाजीनगर शहर, लातूर, नांदेड) ई ४३ मध्ये. उंचीरेषा २० मीटरच्या अंतराने असतात. चार-पाच रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तिथे कडा. कड्याच्या खाली-वर रेषा अचानक फाकल्या असतील तिथे टप्पा, आणि तो टप्पाच चालायचा असतो. ओढ्याचं नाव, ‘कुंड’, ‘दरा’, एकटं देऊळ, दर्गा, मोडकी वस्ती यांच्याभोवती पेन्सिलने गोल करा.

उपग्रहचित्रात गुहा का दिसत नाही?

चित्र वरून घेतलेलं असतं आणि गुहेचं तोंड समोर असतं. तिला बघण्याऐवजी तिच्या खुणा बघा. गुगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं उघडता येतात. त्यातलं एप्रिल–मेचं निवडा. सगळा डोंगर करपलेला असताना कड्याच्या मध्यावर हिरवा ठिपका असेल तर तिथे पाझर आहे आणि बहुधा उंबर किंवा पिंपरण. कड्याशी जाऊन संपणारी पायवाट ही दुसरी खूण. पायवाट उगाच भिंतीला जाऊन धडकत नाही.

गावात कुणाला विचारायचं आणि काय?

सरपंचाकडे चहा जरूर घ्या, पण माहिती असते शेळ्या-गुरं राखणाऱ्याकडे, मेंढपाळाकडे, मोहोळ काढणाऱ्याकडे आणि वनखात्याच्या रोजंदारी मजुराकडे. डोंगराच्या कुशीत बंजारा तांडा किंवा भिल्लांची वस्ती असेल तर तिथल्या म्हाताऱ्या माणसांना भेटा. बायकांना विसरू नका. सरपणाला आणि डिंकाला रोज डोंगरात त्याच जातात.

‘इथे प्राचीन गुहा आहेत का?’ असं विचारलंत तर ‘नाही’ येईल, किंवा जवळच्या प्रसिद्ध लेण्याचा रस्ता सांगतील. ‘गुहा’ हा पुस्तकातला शब्द. लोक कपार, घळ, भुयार, लेणं, दगडाची खोली, बाबाची मढी, पांडवांचं घर असं काहीबाही म्हणतात. प्रश्न त्यांच्या कामाचा विचारा:

‘मामा, रानात पाऊस गाठला तर शेळ्या कुठं घालता?’

‘घालतो की त्या वरल्या कपारीत.’

‘किती बसतात?’

‘पन्नासेक बसत्यात. मागं अजून जागा हाये, पर अंधार हाये.’

या दोन उत्तरांत आकार, खोली आणि वापर तिन्ही आलं. ‘उन्हाळ्यात वरती पाणी कुठं टिकतं?’ हा दुसरा हुकमी प्रश्न. अंतर मात्र किलोमीटरात विचारू नका. ‘हे काय, इथंच’ म्हणजे तासभर चाल धरा. ‘सकाळी निघालो तर शेळ्या घेऊन कधी पोचता?’ असं विचारा आणि तेवढाच वेळ स्वतःला द्या. सोबत माणूस घेतलात तर दिवसाची मजुरी निघण्याआधी ठरवा आणि परतल्यावर लगेच हातात द्या.

एकाच जागेबद्दल दोन वेगळ्या माणसांना वेगवेगळं विचारा. दोघांनी एकाच ओढ्याचं नाव घेतलं की निघा.

कोणता महिना चांगला?

फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य. साग, सालई, धावडा यांची पानं उतरलेली असतात, गवत बसलेलं असतं आणि ऊन अजून सोसवतं. नोव्हेंबर–डिसेंबरला हवा सुखाची, पण झाडी दाट. वीस फुटांवरची कपार दिसत नाही. पावसाळ्यात जाऊच नका, शेवाळावरून पाय सरकतो आणि ओढा अर्ध्या तासात चढतो. एप्रिल–मेमध्ये डोंगर उघडा असतो, पण पारा चाळिशीपार जातो.

परवानगी लागते का?

लागते. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. प्रवेशद्वारावरची पावती ठरलेल्या रस्त्यापुरती असते. वाट सोडून दरीत उतरायचं तर वन्यजीव विभागाकडे लेखी अर्ज करा. तारीख, माणसांची नावं, कुठून आत आणि कुठून बाहेर एवढं लिहा. राखीव जंगलातही परवानगीविना घुसणं भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा ठरतो. मुक्काम, चूल आणि ड्रोन यांचा विचार सोडून द्या.

प्रत्यक्ष शोधाचा दिवस कसा आखावा?

तीन ते पाच जण. पहिला दिवस फक्त बघण्याचा. ज्या कड्यावर संशय आहे त्याच्या समोरच्या सोंडेवर बसायचं आणि ८×४० च्या दुर्बिणीने कडा डावीकडून उजवीकडे पट्ट्या-पट्ट्यांनी वाचायचा. सकाळी पूर्वाभिमुख कड्यावर ऊन थेट आत शिरतं, तोंड उजळून जातं आणि गुहा हरवते. ऊन वर चढलं की तोंड काळं पडतं आणि भोवतालचा दगड पांढुरका, तेव्हा ती उठून दिसते. खानदेशाकडे तोंड केलेल्या सरळ उत्तरेच्या कड्यावर २१ मार्चच्या आधी ऊन पडतच नाही, तिथे दुर्बीण आणि धीर एवढंच. जिथे काळं दिसेल त्याचा फोटो घ्या आणि होकायंत्राने दिशेचा अंश लिहा. दोन वेगळ्या जागांवरून घेतलेल्या दिशा नकाशावर ओढल्या की रेषा छेदतात, तिथे जायचं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघा. बिनवाटेच्या झाडीत ताशी एक किलोमीटर वेग धरा, जास्त नाही. शक्यतो खालून वर जा. पठारावरून ओढ्याने खाली उतरणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. आपले ओढे थरांवरून टप्प्याटप्प्याने पडतात. दोन टप्पे घसरत उतरता येतात, तिसरा चाळीस फुटांचा कोरडा धबधबा निघतो आणि मागचे दोन परत चढवत नाहीत. वर जाताना तोच धबधबा फक्त अडवतो, अडकवत नाही.

दुपारी दोनला, सापडो न सापडो, मागे फिरा.

दिलेल्या लोकेशनवर पोचलो, तिथे काहीच नाही. काय चुकलं?

तीनपैकी एक. पहिलं, अंश-मिनिट-सेकंद आणि दशांश यांची गल्लत. २०°१५′३०″ म्हणजे २०.२५८३, पण कुणीतरी २०.१५३० असं टाइप करतं आणि माणूस जवळजवळ १२ किलोमीटर दक्षिणेला जातो. दुसरं, जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशावरून काढलेला आकडा. पृथ्वीचा आकार गृहीत धरण्याची त्यांची पद्धत एव्हरेस्ट नावाची, मोबाइलची डब्ल्यूजीएस ८४. फरक शंभर मीटरच्या वर जातो. तिसरं, अरुंद दरीत उपग्रहाचा संदेश कड्यांवर आपटून येतो आणि मोबाइल तुम्हाला समोरच्या काठावर दाखवतो. आकडा टिपताना एका जागी पाच मिनिटं थांबा, दशांशानंतर चार आकडे पुरे, त्याने ११ मीटरपर्यंत नेमकेपणा येतो. सोबत ‘ओढ्याच्या डाव्या काठाला, उंबराच्या वर दोन पुरुष उंचीवर’ असं शब्दांत लिहा. शेवटी तेच कामी येतं.

निसर्गाने केलेली की माणसाने?

काटकोन बघा. कोपरे, सपाट छत, सरळ ओटा हे सगळं एकत्र निसर्ग सहसा करत नाही. छताशी टॉर्च टेकवून तिरपा उजेड टाका. समांतर घाव दिसले तर छिन्नी. दाराच्या उंबऱ्यात आणि वर खुंटीची भोकं, तोंडावर पाणी बाजूला काढणारी पन्हळ, बाहेर चौकोनी टाकं, ही राहत्या लेण्याची लक्षणं. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षू एका जागी राहत, म्हणून पाण्याची बाजू नेहमी पक्की केलेली असते. नैसर्गिक कपारीत मात्र माणसाने भर घातलेली असते. दगड रचून केलेली अर्धी भिंत, धुराने काळवंडलेलं छत, पुढच्या खडकात उखळासारखा खळगा.

आत शिरण्याआधी काय बघायचं?

थांबा आणि वास घ्या. उग्र जनावरी वास, ताजी विष्ठा, केस, ओली हाडं असतील तर बिबट्या किंवा अस्वलाची जागा. आवाज न करता, पाठ न दाखवता मागे या. गौताळा आणि माहूर–किनवट दोन्हीकडे अस्वल आहे, आणि ते बिबट्यापेक्षा जास्त बेभरवशाचं. काटे आणि कुरतडलेली सुकी हाडं म्हणजे साळिंदर. मग वर बघा. तोंडाजवळच्या छताला आडवी ताजी भेग किंवा खाली नुकते पडलेले, कडा धारदार असलेले दगड असतील तर बाहेरूनच फोटो घ्या. वटवाघळं असतील तर आत जाऊ नका. त्यांच्या विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, आणि घाबरलेल्या माद्यांची पिल्लं खाली पडतात.

आग्या मोहोळ दिसलं तर?

त्या दिवसाचं काम संपलं. कड्यांना लोंबणारी मोठी मोहोळं या रांगेत सगळीकडे आहेत. अत्तर, सुगंधी तेल, बिडी, धूर, शिट्टी, दगड यातलं काहीही त्यांना उठवतं. उठल्याच तर तोंड-डोकं झाकून झाडीतून पळत सुटा. हात हलवू नका, पाण्यात बुडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत राहतात. काटे नखाने खरवडून लगेच काढा. दहापेक्षा जास्त डंख, श्वास लागणं किंवा ओठ सुजणं म्हणजे थेट दवाखाना.

साप आणि खाजकुयली?

खडकाळ उतारावर फुरसं आणि घोणस. हात दिसत नसलेल्या खोबणीत घालू नका आणि काठी आपटत चाला. चावल्यास बांधू नका, कापू नका. अंग हलवू न देता रुग्णालयात न्या. खाजकुयलीच्या शेंगा लागल्या तर चोळू नका. चिकटपट्टी दाबून उचला, मगच धुवा.

सामान काय?

माणशी ४–५ लिटर पाणी, दोन टॉर्च (एक डोक्याचा), पूर्ण बाह्या, कुसळांसाठी पायपट्टे, कामाचे हातमोजे, शिट्टी (मोहोळ नसेल तिथेच), गूळ-शेंगदाणे, मीठ, दहा मीटरची मोजपट्टी. दोर ओझी उतरवायला. माणसं उतरवायला शिकलेला माणूस लागतो. दरीत नेटवर्क नसतं, सोंडेवर चढलं की येतं. तातडीला ११२, रुग्णवाहिका १०८, वनविभाग १९२६.

गावात सांगतात की हे भुयार थेट देवगिरीला निघतं. खरं?

मराठवाड्यातलं प्रत्येक भुयार देवगिरीला निघतं. आपल्या पाषाणात चुनखडीसारख्या मैलोन्मैल गुहा होत नाहीत. बहुतेक कपारी काही मीटरांत संपतात. सरपटत जायच्या बोळात शिरू नका, जुन्या बंद टाक्यांत हवा कोंदलेली असते. गुप्तधनाच्या नादात खणलेले ताजे खड्डे दिसले तर त्यांना हात न लावता पोलिसांना कळवा.

आत कुणी साधू राहत असेल तर?

ते त्यांचं घर आहे. लांबूनच ‘बाबाजी, येऊ का?’ म्हणून हाक द्या, चपला बाहेर काढा, धुनीच्या पलीकडे जाऊ नका. फोटो विचारूनच.

सापडलं. आता?

रुंदी, खोली, उंची, तोंडाची दिशा मोजा. प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवा. अक्षरं दिसली तर पाणी, खडू, पावडर काही लावू नका. टॉर्च बाजूला धरून चार दिशांनी चार फोटो घ्या. खापरं, नाणी, मूर्ती जागच्या जागी राहू द्या. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

राज्य पुरातत्त्व विभागाला अर्ज करताना गाव, तालुका, गट क्रमांक किंवा वनकक्ष (जंगलाच्या त्या तुकड्याचा) क्रमांक, अक्षांश-रेखांश, मापं आणि फोटो द्या. वनकक्ष क्रमांक वनरक्षकाकडे मिळतो. तो नसला की अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

फोटो टाकू का?

टाका, पण आधी मोबाइलच्या सेटिंगमध्ये फोटोतली जागेची माहिती काढून टाका, आणि लिहिताना तालुक्यापलीकडे जाऊ नका. नेमकी जागा कळली की पुढच्या रविवारी भिंतीवर नावं आणि बदाम कोरलेले असतात.

सोबत कुत्रा नेला तर धोका कमी होतो का?

वाढतो. कुत्रा बिबट्याला आवडतो, आणि अस्वलाला डिवचून तो तुमच्याच पायांशी पळत येतो.